पात्र

बेरिल गोल्डस्ट्रॉ कुणालाही कप देण्याआधी तो उलटा करते.
बुडावरचा शिक्का वाचते, नाक मुरडते.
"मुलाने सुपरमार्केटातून आणलाय, डक. आमच्याकडचा नाही."
इथे स्टोकमध्ये लाडाने बदक म्हणतात माणसाला.
पहिल्या वर्षी मी उगाच दुखावले होते.

लाँगटन, शुक्रवार, साडेदहा.
मांडीवर कौन्सिलचा टॅबलेट,
त्यात कायदा, प्रश्नांचे कपडे घालून बसलेला.
जेवण बनवता येतं का? हो.
कपडे घालता येतात? हो की.
जिना? चढते, उतरते.
तिचा प्रत्येक 'हो' पाठीचा कणा ताठ ठेवून येतो,
आणि प्रत्येक 'हो'गणिक तिच्या मदतीतली काही मिनिटं कापली जातात,
हे तिला सांगायची मला मुभा नाही.

माझ्या भाषेत हे दोन वेगळे प्रश्न आहेत.
करता येतं का, हा एक.
तुमच्याने होतं का हो, हा दुसरा.
फॉर्मला पहिलाच ठाऊक.

म्हणून टॅबलेट पालथा ठेवला.
म्हटलं, चहा चालेल मला.
आणि नुसती बघत बसले.

किटली ती उचलत नाही, ओट्यावरून सरकवते.
पाणी भरते पेल्या-पेल्याने, मधे खुर्चीत टेकते,
गुडघ्याला चार शब्द सुनावते.
दुधाचं झाकण दातांनी.
तेवीस मिनिटं.
आला तेव्हा कोमट होता चहा,
आणि बशीत घडी घातलेला ओटकेक,
आपल्या घावनाचा लांबचा चुलतभाऊ.

चौतीस वर्षं तिने कपांच्या काठाला सोनेरी रेघ ओढली.
"हात हलवायचा नाही. चाक फिरतं, तू थांबायचं."
मग तपासणाऱ्या बायका एकेक कप वाजवून बघायच्या.
आवाज बद्द आला की टोपलीत.
टोपलीतले शनिवारी फाटकाशी स्वस्तात जायचे.
"चहा त्यांतही राहायचा, डक. सांडायचा नाही."

आता वाजवून बघणारी मी.

पात्र म्हणजे भांडं.
नदी वाहते ती जागाही पात्रच.
आणि सरकारी पत्राच्या दुसऱ्या ओळीत,
मदतीला लायक.

एम.ए.ला धोरण म्हणजे वरून खाली येणारा बाण होता.
मी तो छान काढायचे, पट्टीने.
बाणाचं टोक एखाद्या गुडघ्यात रुतलेलं असतं
हे आकृतीत नव्हतं.

पण त्याच कायद्याच्या पोटात एक बारीक कलम आहे:
करता येत असेल, पण फार दुखून,
किंवा नको इतका वेळ लागून,
तर येत नाही असंच धरावं.
हे लिहिणाऱ्याने कधीतरी कुणाला तरी
चहा करताना पाहिलंय.
नक्की पाहिलंय.
मी ते कलम जसंच्या तसं उतरवलं
आणि खाली लिहिलं, तेवीस मिनिटं.

गुरुवारी पॅनल.
कॅलम, आमचा मॅनेजर, वाईट माणूस नाही.
त्याच्याकडे पैशांचा एक तक्ता आहे आणि तक्त्याला तळ आहे.
"पण ती स्वतःच हो म्हणालीय ना?"
तू नसतास म्हणाला?
तो बराच वेळ स्वतःच्या मगात बघत राहिला.

निकाल: सकाळचा अर्धा तास, सहा आठवडे.
मग पुन्हा तपासणी.
मागितला होता दीड.

पत्र खरं तर पोस्टाने जातं.
मी घेऊन गेले.
बेरिलने ते आधी वाचलं नाही.
उलटं केलं, पाठीवर शिक्का शोधला.
कोरं.
"कुणी बनवलंय हे, डक?"

बऱ्याच जणांनी, मी म्हटलं.
काठावरची रेघ तेवढी माझी.

तिने कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरला.
"हात हललाय तुझा," म्हणाली.